पाइपाच्या तोंडाशी थांबलेला कायदा: तलावांसाठी एक खुलं पत्र

प्रति,
कायदेमंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य, तसेच पाणी, शेती आणि पर्यावरण खात्यांचे मंत्री व सचिव

विषय: शेतं आणि गोठे यांतून तलावांत वाहून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर (म्हणजे खतांतल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर) बंधनकारक कायदा करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तलावातून उचललेलं पाणी नळाला पोहोचण्याआधी त्यात काय आहे हे पाहणं माझं रोजचं काम, आणि तेच पाणी माझ्या घरातही येतं. पाणी तापलं, वारा पडला की तलावावर हिरवा तवंग धरतो, काठाला वास सुटतो आणि आमच्याकडे फोन सुरू होतात. पाणी प्यायचं का? उकळून चालेल का? बाळाच्या दुधाला वापरू का? उकळून चालत नाही, हे मी दरवेळी सांगते. निळ्या-हिरव्या शैवालाचं विष उष्णतेने नष्ट होत नाही. उकळताना पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. इतपत उत्तरं माझ्याजवळ आहेत. पण त्यापुढे लोक विचारतात, "मग हे दरवर्षी होऊ का देता?" तेव्हा मला गप्प बसावं लागतं.

आमचे आकडे वरिष्ठांकडे जातात. स्फुरद वाढत चाललंय, असं अहवालात स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यावर मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: शेतांतून वाहून येणाऱ्या पाण्यावर कारवाई करायला कायद्यात तरतूद नाही. तरतूद करणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. पाणी सगळेच पितात, म्हणून ते जाहीर.

शास्त्राला अजून खात्री नाही, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. १९७३ साली कॅनडात, ऑन्टारियो प्रांताच्या वायव्येला, डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी '२२६' क्रमांकाचा एक छोटा तलाव मधोमध पडदा टाकून दोन भागांत वाटला. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद पडलेला भाग शैवालाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेला तो फोटो तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही एका नजरेत कळतो. त्यानंतर नत्राबद्दलचं ज्ञानही पुढे गेलं. मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी शैवाल हवेतला नत्र बांधू शकत नाही, त्याला तो पाण्यातूनच मिळावा लागतो. त्यामुळे आज दोन्ही पोषकद्रव्यांना आवर घालायला हवा. पण मूळ गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती.

हे विषही काही नवं नाही. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर शैवालाचा तवंग असलेलं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली 'नेचर'मध्ये छापली होती. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या पाण्यात हे विष होतं. पाण्यातलं विष थेट रक्तात गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. आयुष्यभर प्यायच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर हे शैवालाचं विष लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या वर नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तवंगाच्या दिवसांत तलावाच्या काठचं पाणी ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडू शकतं.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार कायद्याच्या नजरेबद्दल आहे. कारखान्याचा किंवा शहराच्या मैलापाण्याचा पाइप त्याला दिसतो, कारण पाइपाला तोंड असतं, मालक असतो, परवाना असतो. पावसाबरोबर शेकडो शेतांतून वाहणाऱ्या पाण्याला यातलं काहीच नसतं. अमेरिकेचा १९७२चा स्वच्छ पाणी कायदा जगातल्या कडक कायद्यांत गणला जातो. पण त्यातही १९८७च्या दुरुस्तीने शेतातून पावसाने वाहून जाणारं पाणी 'निश्चित स्रोत' (ज्याला सांडपाणी सोडायला परवाना लागतो असं ठिकाण) या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं. सिंचनानंतर शेतातून परत येणाऱ्या पाण्याला तर त्याआधीच सूट मिळाली होती. इतर अनेक देशांत ही सूट शब्दांत लिहिलेली नाही, तरी व्यवहारात ती आहेच.

पाइपापुरता कायदा किती प्रभावी ठरतो याचे पुरावे आहेत, आणि म्हणूनच मला राग येतो. सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात सोडलं जाणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं, आणि सत्तरच्या दशकात ते सरोवर पुन्हा नितळ झालं. अमेरिका-कॅनडा सीमेवरचं एरी सरोवर 'मेलं' असं साठच्या दशकात लोक म्हणत. १९७२ साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात करार झाला, १९७८ साली वर्षाला ११,००० टन स्फुरदाची मर्यादा ठरली, धुलाईच्या पावडरीतलं स्फुरद कमी केलं, मैलापाणी शुद्धीकरणावर भरपूर पैसा ओतला. ऐंशीच्या दशकात ते उद्दिष्ट गाठलं गेलं आणि सरोवर सावरलं. सरकारांनी बंधन घातलं, बंधनामुळे काम झालं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हिरवा तवंग परत आला. पाइप तेच होते, परवाने तेच होते. बदललं ते शेतांतून येणारं पाणी. २०१४च्या ऑगस्टमध्ये एरीकाठच्या टोलिडो शहराच्या पाणीपुरवठ्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर राहणारी माणसं बाटलीबंद पाण्यासाठी रांगा लावत होती. २०१५ साली संबंधित राज्यांनी आणि ऑन्टारियोने २०२५पर्यंत स्फुरद ४० टक्क्यांनी कमी करू, असं वचन दिलं. मार्ग मुख्यतः ऐच्छिक ठेवला: अनुदान, सल्ला, प्रशिक्षण. ते साल आलं आणि गेलं, उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

म्हणून 'ऐच्छिक' हा शब्द एखाद्या नव्या विधेयकात पुन्हा पाहिला की मला तो मान्य करता येत नाही. ऐच्छिक उपायांना पुरेसा वेळ दिला गेलाय. ते निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. मन लावून काम करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. पण ज्या शेतांतून सर्वाधिक स्फुरद वाहतं ती शेतं ऐच्छिक योजनेत येतीलच, याची हमी कोण देणार? नदीनाल्यांत येणाऱ्या स्फुरदाच्या भाराचा, म्हणजे एकूण वजनाचा, फार मोठा वाटा बहुधा थोड्याच जमिनींतून येतो: उतारावरच्या, पाण्याजवळच्या, वर्षानुवर्षं शेणखत-कोंबडीखत पडून स्फुरदाने भरलेल्या. तिथे काही बदललं नाही तर बाकीच्यांची मेहनत वाहून जाते.

दुसरी तक्रार मोजण्याबद्दल. ही माझ्या कामाशी निगडित आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगू द्या.

स्फुरद पाण्यात दोन रूपांत येतं. काही मातीच्या कणांना चिकटून येतं, काही विरघळून. शैवाल विरघळलेलं स्फुरद जवळपास सगळं लगेच वापरू शकतं, चिकटलेल्यातला मात्र काही भागच. कायदे आणि योजना अनेक वर्षं 'एकूण स्फुरद' या एकाच आकड्याकडे पाहत राहिल्या. मातीची धूप रोखली, एकूण आकडा आटोक्यात आला, सगळ्यांनी समाधान मानलं. त्याच काळात एरीला मिळणाऱ्या मॉमी नदीत विरघळलेलं स्फुरद वाढत होतं. नांगरट कमी केल्यामुळे धूप थांबली, पण वरून फेकलेलं खत मातीच्या वरच्या थरातच साठत गेलं आणि जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून थेट ओढ्यात उतरू लागलं. चांगल्या हेतूने केलेला एक उपाय दुसऱ्या दुखण्याला हातभार लावत होता. हे आपल्याला कळलं ते ओहायोतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाची प्रयोगशाळा सत्तरच्या दशकापासून त्या नद्यांचे नमुने रोजच्या रोज घेत आली म्हणून. किती तलावांच्या वाट्याला अशी प्रयोगशाळा आलीय?

बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा बाटली भरली जाते, तीही बहुधा कोरड्या दिवशी, कारण मुसळधार पावसात ओढ्याकाठी जाणं अवघड असतं. पण वर्षभराच्या भाराचा मोठा हिस्सा काही मोजक्या जोरदार पावसांतच वाहून येतो. शांत दिवशी घेतलेल्या नमुन्यावरून तलावाचं वर्ष ठरवणारा अहवाल लोकांना खोटा धीर देतो. असे अहवाल माझ्या टेबलावर येतात आणि त्यांवरून घेतलेले निर्णयही मी पाहते.

तिसरी तक्रार प्रमाणाबद्दल. शेतातून वाहून जातं ते फारच थोडं असतं, असं सभागृहात सांगितलं जातं. शेतकऱ्याच्या हिशेबात ते खरोखर थोडं आहे. तलावाच्या हिशेबात नाही. पिकाला स्फुरद हेक्टरी दहा-वीस-तीस किलो दिलं जातं. त्यातला हेक्टरी एखादा किलो वाहून गेला तर उत्पादनात काहीही फरक जाणवत नाही. पण पाण्यात एकूण स्फुरद लिटरमागे सुमारे ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की तलाव अतिपोषित, म्हणजे शैवाल माजेल इतका पोषकद्रव्यांनी भरलेला, धरला जातो. गुणाकार करून पाहा: १ किलो स्फुरद सुमारे २ कोटी ८५ लाख लिटर पाणी या पातळीला नेऊ शकतं. शेतकऱ्याला नुकसान दिसत नाही, म्हणून बाजार ही गळती थांबवणार नाही. खताचे भाव वाढले की प्रश्न आपोआप सुटेल, ही आशा म्हणूनच फोल आहे. जिथे नुकसान एकाच्या डोळ्यांआड होतं आणि दुसऱ्याच्या घशात उतरतं, तिथेच कायद्याची गरज असते.

चौथी, मोठ्या पशुपालन प्रकल्पांबद्दल. हजारो जनावरं किंवा लाखो कोंबड्या एका जागी ठेवल्या की त्यांचं खाद्य दूरदूरच्या जमिनींतून येतं, पण मलमूत्र तिथेच साठतं. ओलं शेण लांब वाहून नेणं परवडत नाही, म्हणून ते जवळच्याच शेतांत वर्षानुवर्षं पडत राहतं. त्यात भर म्हणजे शेणखतात पिकाच्या गरजेच्या मानाने स्फुरद जास्त आणि नत्र कमी असतं. नत्राच्या हिशेबाने खत टाकलं की स्फुरद दरवर्षी शिल्लक राहतं. कागदावर त्याला 'खत' म्हणतात, पण माती आधीच भरलेली असेल तर ती केवळ विल्हेवाट असते. काही ठिकाणी प्रकल्पाने ते खत दुसऱ्याला विकलं की प्रकल्पाची जबाबदारीच संपते. घेणाऱ्याने ते कुठे, किती आणि कधी टाकलं, हे कुणी विचारत नाही. शेतकऱ्याच्या नावाने मागितलेली सूट अशा उद्योगांच्या पदरात पडते, हे सदस्यांनी ओळखायला हवं.

पाचवी तक्रार उशिराबद्दल. तलाव बिघडल्याशिवाय कायदा जागाच होत नाही. ओहायोतल्या ग्रँड लेक सेंट मेरीज या तलावाचं उदाहरण घ्या. २०१० साली तिथलं पाणी इतकं विषारी झालं की लोकांना त्याच्या संपर्कातही येऊ नका, असं सांगावं लागलं. त्यानंतर, २०११ साली, ते पाणलोट क्षेत्र 'संकटग्रस्त' जाहीर झालं आणि बंधनकारक नियम आले: १५ डिसेंबर ते १ मार्च शेणखत पसरायला मनाई, मोठ्या खत-उत्पादक शेतांना पोषकद्रव्य व्यवस्थापन आराखडा सक्तीचा. पुढच्या वर्षांत तिथल्या ओढ्यांतून येणारा नत्र-स्फुरदाचा भार घटल्याचं अभ्यासात नोंदलं गेलं. नियम चालले. पण तलाव आजही पूर्ण बरा झालेला नाही, कारण दशकानुदशकं आलेलं स्फुरद तळाच्या गाळात बसलंय. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं आणि पुन्हा पाण्यात मिसळतं. बाहेरून येणारा भार उद्या शून्यावर आणला, तरी असा तलाव वर्षानुवर्षं आतूनच खात राहतो. मग तुरटी टाका, गाळ काढा, हवा सोडा असे महागडे उपाय सुरू होतात आणि त्यांचा खर्च करदात्यांवर येतो. तलाव विषारी झाल्यावर लागू होणारा कायदा तलावाला वाचवत नाही.

याच्या उलटही करता येतं. न्यूझीलंडचं टाउपो सरोवर नितळ असतानाच तिथल्या कुरणांमधून नत्र वाढतंय, हे लक्षात आलं. भूजलातून सरोवरात पोहोचायला नत्राला अनेक दशकं लागतात, म्हणजे आजचं पाणी पूर्वीच्या शेतीचं फळ आहे, हेही कळलं. तिथल्या प्रशासनाने पाणलोटातल्या प्रत्येक शेताच्या नत्र-गळतीला कमाल मर्यादा घातली. शिवाय सुमारे ८ कोटी न्यूझीलंड डॉलरच्या सार्वजनिक निधीतून गळतीचे हक्क विकत घेऊन कायमचे बाद केले, आटोक्यात आणता येण्याजोगा नत्र २० टक्क्यांनी घटवण्यासाठी. शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. तो समजण्यासारखा होता, कारण मर्यादा म्हणजे जमिनीच्या किमतीवर परिणाम. पण बंधन आणि पैसा दोन्ही एकत्र आले आणि काम झालं. मला त्या योजनेतली हीच गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते. नुसता पैसा दिला असता तर तो जिरला असता, नुसती सक्ती केली असती तर ती कोर्टात अडकली असती.

तुम्ही कायदा करत नाही तेव्हा लोक काय करतात, हेही पाहा. टोलिडोच्या नागरिकांनी २०१९ साली मतदान करून एरी सरोवराला स्वतःचे हक्क देणारी तरतूद शहराच्या सनदेत घातली. २०२० साली संघीय न्यायालयाने ती अतिसंदिग्ध म्हणून रद्द केली. न्यायालयाच्या निकालाशी माझं भांडण नाही. असं हक्कपत्र नेमका नियम देऊ शकत नव्हतं. नेमका नियम देण्याचं काम विधिमंडळाचं होतं आणि ते झालं नाही, म्हणून लोकांना तिथपर्यंत जावं लागलं. स्पेनमध्ये मार मेनोर या खाऱ्या सरोवरात मासे खच पडून मेल्यानंतर सहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि २०२२ साली संसदेने त्या सरोवराला कायदेशीर व्यक्तित्व दिलं. इतक्या सह्या गोळा व्हाव्या लागल्या, यातूनच आधीची व्यवस्था किती अपुरी होती हे कळतं.

आक्षेप मला माहीत आहेत. अन्नउत्पादन घटेल, असं म्हटलं जातं. माती परीक्षणात भरपूर स्फुरद निघालेल्या जमिनीत आणखी स्फुरद टाकणं थांबवल्याने उत्पादन घटत नाही. ते तिथे वापरलंच जात नसतं. खत वरून फेकण्याऐवजी पेरून मातीत दिलं तर पिकाला जास्त मिळतं, ओढ्याला कमी. दुसरा आक्षेप छोट्या शेतकऱ्यावरच्या ओझ्याचा. हा मी गंभीरपणे घेते. ज्याचं वर्ष एका पिकावर टिकून आहे त्याला काठावरची जमीन सोडायला सांगायची आणि मोबदला द्यायचा नाही, हा अन्याय ठरेल. म्हणून खालच्या मागण्यांत पैशाची जबाबदारी मी समाजावर टाकतेय. तिसरा आक्षेप असा की हवामान बदलतंय, पाणी तापतंय, त्याला शेतकरी काय करणार? खरंय, तापमान कायद्याने लगेच खाली येणार नाही. जोरदार पाऊस वाढले तर गळतीही वाढेल. त्यामुळे मर्यादा आणखी कडक ठेवाव्या लागतील, इतकाच त्याचा अर्थ.

माझ्या मागण्या अशा:

१. प्रत्येक तलावाच्या पाणलोट क्षेत्रासाठी नत्र आणि स्फुरद यांच्या वार्षिक भाराची बंधनकारक मर्यादा कायद्यात असावी. स्फुरदासाठी एकूण आणि विरघळलेलं असे दोन वेगळे आकडे हवेत. मर्यादेची विभागणी स्रोतांनुसार व्हावी आणि त्यातून शेतीला वगळू नये.

२. ही मर्यादा तलाव बिघडण्याची वाट न पाहता लागू व्हावी. सलग काही वर्षं भार वाढताना दिसला की नियम आपोआप कडक होतील, अशी तरतूद करा. 'संकटग्रस्त' जाहीर करण्याचा निर्णय एखाद्या मंत्र्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका.

३. गोठलेल्या, पाण्याने भरलेल्या जमिनीवर आणि जोरदार पावसाचा अंदाज असताना कुठलंही खत पसरायला मनाई असावी. माती परीक्षणाशिवाय स्फुरद देऊ नये. मातीत ते पुरेसं असेल तर शेणखताच्या रूपातही नाही. युरोपीय संघाच्या १९९१च्या नायट्रेट निर्देशाने, नायट्रेटचा धोका असलेल्या भागांत शेणखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची कमाल मर्यादा घातली आहे. अशी मर्यादा घालणं शक्य आहे, हे तिथे तीन दशकं दिसतंय. स्फुरदासाठीही ती घाला.

४. मोठे पशुपालन प्रकल्प पाइपवाल्या कारखान्यांप्रमाणेच परवान्याखाली आणा. मलमूत्राची नोंद ते शेवटी ज्या शेतात पडतं तिथपर्यंत ठेवा. विक्री झाली म्हणून उत्पादकाची जबाबदारी संपू नये.

५. नदी, ओढा आणि तलाव यांच्या काठाने कायम गवत-झाडांचा पट्टा असावा. मिनेसोटा राज्याने २०१५ साली सार्वजनिक जलाशयांच्या काठाला सरासरी ५० फुटांचा पट्टा सक्तीचा केला, म्हणजे हे नवं किंवा अशक्य नाही. मात्र जिथे निचरा नळ्या पट्ट्याखालून थेट ओढ्यात जातात तिथे पट्टा पुरत नाही. अशा ठिकाणी नळ्यांच्या तोंडाशी नियंत्रण किंवा छोटी पाणथळ जागा बांधणं कायद्यात घ्या.

६. काठावरची जमीन, यंत्रसामग्री, खत साठवण आणि माती परीक्षण यांसाठी छोट्या शेतकऱ्यांना पूर्ण मोबदला द्या. आज दिलं जाणारं अनुदान बहुतांशी आराखडा सादर केला म्हणून मिळतं. ते गळती खरोखर कमी झाली, म्हणून मिळावं. सर्वाधिक गळतीच्या जमिनी आधी निवडा, सगळीकडे थोडं थोडं वाटू नका.

७. ओढ्यांचे नमुने जोरदार पावसात, स्वयंचलित यंत्रांनी घ्या आणि आकडे त्याच आठवड्यात जाहीर करा. तलावातून पिण्याचं पाणी उचलणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने तवंगाच्या काळात विषाची नियमित तपासणी करावी आणि निकाल त्याच दिवशी लोकांना सांगावा. हे निकाल दाबणं हा गुन्हा ठरवा. पाणी तपासणाऱ्यांना बोलण्याचं संरक्षण हवं. मी माझं नाव या पत्राखाली का लिहीत नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

८. कायद्याची मुदत तलावाच्या गतीने ठरवा. गाळातलं स्फुरद आणि भूजलातला नत्र पाहता पाण्याच्या रंगात फरक दिसायला दहा-वीस वर्षंही लागू शकतात. तोवर यश ओढ्यांतल्या भारावरून मोजा. तीन वर्षांत तलाव स्वच्छ दिसला नाही म्हणून कायदा मागे घेण्याची मागणी होईल. ती मान्य होणार नाही, असं कलम आजच लिहून ठेवा.

यातल्या पहिल्या आणि चौथ्या मागणीवर तडजोड करू नये, अशी माझी विनंती आहे. बाकीच्या तपशिलांवर, पट्ट्याची रुंदी किती असावी किंवा मनाईचे महिने कोणते असावेत, याबद्दल स्थानिक हवामान आणि जमीन पाहून वेगळं ठरू शकतं. ते शेतकऱ्यांबरोबर बसूनच ठरवा. अनेक शेतकरी त्याच तलावाचं पाणी पितात.

अशा विधेयकावर जाहीर सुनावणी घ्या. पाणीपुरवठ्यातले कर्मचारी, मासेमारी करणारे, शेतकरी आणि तलावाकाठी राहणारे यांना बोलावा. वरच्या आठ मागण्यांपैकी कुठल्या मान्य आहेत, कुठल्या नाहीत आणि का नाहीत, याचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवा. पुढच्या तवंगाच्या आधी ते यावं, म्हणजे फोनवर विचारणाऱ्यांना मला ते वाचून दाखवता येईल.

आपली,
पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ